जिभेखालची दहा मिनिटं

"खिसे उलटे करा," मालक म्हणाले. सगळ्यांसमोर. खंडेनवमीच्या दिवशी.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना लहान, चाळीसेक माणसांचा. त्या दिवशी प्रेस मशीनं धुऊन, कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून सजवलेली होती. कोहळा फोडून झाला होता, चुरमुरे वाटायचे होते. कामगार बायकापोरांना घेऊन आले होते. त्या गर्दीतून मला आणि सिद्धूला नाव घेऊन पुढं बोलावलं. आम्ही खिसे बाहेर काढून उभे राहिलो. पोरंटोरंसुद्धा बघत होती.

सिद्धूच्या खिशातून औषधाची स्ट्रिप निघाली. माझ्या खिशातून नुसता रुमाल.

सिद्धू आणि मी निपाणीकडचे. एकाच खोलीत राहायचो, शेजारशेजारच्या प्रेसवर उभे असायचो. मालकांचं घराणं बंगळूरमध्ये तीन पिढ्यांचं, पण घरात मराठी. "आपल्या माणसांना मी आधी घेतो," असं ते अभिमानानं सांगायचे. कामावर घेताना त्यांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला तेही विचारलं. आपली माणसं किती आपली, ते मला तिथंच समजलं.

ऑर्डर वाढली की सलग दोन शिफ्ट कराव्या लागत. कंबर मोडायची. सुपरवायझर चहाबरोबर एक गोळी द्यायचा. दुखण्याची आहे म्हणायचा. खोटं नव्हतं ते. दुखणं जायचंच. कंबरेचं जायचं, अपमानाचं जायचं, आई गेल्याचंसुद्धा जायचं. पहिल्यांदाच मला जगणं हलकं वाटलं. मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा. सुपरवायझरनं देणं बंद केलं तेव्हा आम्ही बाहेरून घेऊ लागलो. गोळी चुकली की नाक गळायचं, जांभयांवर जांभया, पोटात मुरडा, पाय आपोआप झाडले जायचे. माझ्याकडून प्रेसचे दोन साचे खराब झाले. सिद्धूचं बोट प्रेसखाली जाता जाता वाचलं.

शेवटी दोघं मिळूनच सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. हा आजार आहे म्हणाल्या. जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली. पूर्ण विरघळेपर्यंत दहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. मनानं बंद करायची नाही, हे त्यांनी मराठीत आणि कन्नडमध्ये दोनदोनदा बजावलं. तीन महिन्यांत आम्ही माणसांत आलो. सिद्धू पुन्हा गाणी म्हणायला लागला, अगदी बेसूर.

मालकांनी ती स्ट्रिप दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली.

"आधी ती गोळी, आता ही गोळी. नशा तीच. तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे ते. मशीनवर हात ठेवून शपथ घ्या, आजपासून कुठलीच गोळी नाही. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

सिद्धूनं प्रेसवर हात ठेवला, शपथ घेतली आणि स्ट्रिप फुटलेल्या कोहळ्याच्या टोपलीत टाकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग मीही हात ठेवून तेच शब्द बोललो. माझी स्ट्रिप खोलीवर उशीखाली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती घेणार होतो.

मी खोटं बोललो म्हणून जगलो. हे लिहायला मला फार दिवस लागले.

सिद्धू खोटं बोलणारा नव्हता. ज्या मशीननं आपलं बोट सोडलं तिला हात लावून बोललो, ते मोडायचं कसं, असं तो म्हणायचा. मी माझ्यातली गोळी पुढं केली. नको म्हणाला. डॉक्टरीणबाईंकडं चल म्हटलं. त्यांना तोंड कसं दाखवू म्हणाला. आठवडाभर तो अंगावर दोन रग घेऊन कुडकुडत होता आणि तरी कामाला येत होता. मालक जाता-येता त्याची पाठ थोपटत. मी ते बघत होतो आणि गप्प होतो. नोकरी जाईल ही भीती होती मला, बाकी काही नाही.

एका रविवारी दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली खोलीत आलो. सिद्धू भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे पडलेले. सहन होईना म्हणून त्यानं जुनीच गोळी आणली होती, जुन्याच मापानं. अंगाची सवय गेलेली असते, मग तेवढंच माप श्वास थांबवतं, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं.

मालकांनी त्याच्या घरी फोन केला. व्यसनानं गेला, एवढंच सांगितलं. मातीच्या वेळी सिद्धूच्या आईनं मला विचारलं, "तू संगं हुतास. काय झालं माझ्या पोराला?"

तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिलो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

पंधरा दिवसांनी मला मालकांच्या एचएसआर लेआउटमधल्या घरी नमुन्याचे पार्ट घेऊन पाठवलं. मालकीणबाईंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"स्वल्प थांबा हं. मुलाचं औषध चाललंय. दहा मिनिटं त्याला बोलायचं नसतं."

मुलगा सोफ्यावर डोळे मिटून बसला होता. माझ्याच वयाचा. मालक शेजारी, मोबाइल उलटा ठेवून. स्वयंपाकाच्या बाईनं मिक्सर बंद केला होता. टीपॉयवर स्ट्रिप होती. तीच. नाव तेच, ताकद तीच. मी दारात उभा राहून ती दहा मिनिटं बघितली. बाप मुलाचा श्वास मोजत बसला होता. मला त्या मुलाचा राग आला नाही. सिद्धूसाठी असं कुणी का बसलं नाही, एवढंच मनात आलं, आणि मग आठवलं की मी बसू शकलो असतो. मालकांनी मान वर केली. मी काय बघतोय ते त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना मशीनजवळ जमवलं. सिद्धूचं काय झालं ते बघितलंत, म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तू शपथ पाळतोयस ना? सांग सगळ्यांना."

मी खिशातून स्ट्रिप काढली. गोळी फोडली. जिभेखाली ठेवली.

"थुंक ती," मालक म्हणाले.

मी उभा राहिलो. तोंडात कडू लाळ साचत होती. ते बोलत राहिले. माझी जात काढली, बाप काढला, गाव काढलं. सुपरवायझरनं दंड धरून हलवलं. बोललो असतो तर औषध वाया गेलं असतं, म्हणून बोललो नाही. हळूहळू मालकांचे शब्द संपले. चाळीस माणसं, एकही मशीन चालू नाही. त्या शांततेत मला सिद्धूसाठी रडू आलं, आणि मी ते पुसलं नाही.

गोळी विरघळली. मग बोललो.

"तुमच्या मुलासाठी तुम्ही मिक्सर बंद केलात. सिद्धूसाठी त्याचं औषध बंद केलंत. तो व्यसनानं गेला नाही."

त्याच दिवशी मला काढून टाकलं. मी तिथून थेट गावाकडची गाडी धरली. सिद्धूच्या आईला सगळं सांगितलं. मशीन, शपथ, टाळ्या, आणि उशीखाली काय होतं तेही. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुला ठावं हुतं," ती म्हणाली. उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

तिनं मला माफ केलेलं नाही. करू नये. मी दुसऱ्या कारखान्यात कामाला आहे. औषध डॉक्टरीणबाई सांगतील त्या दिवशी बंद होईल, कुणा मालकाच्या सांगण्यावरून नाही. तोवर रोज सकाळी, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांच्या देखत ते घेणार. ज्याला काही विचारायचं असेल त्यानं दहा मिनिटं थांबावं.