चक्कर आलेले साहेब

आमचे आतोबा विलायतेत जन्मले असते, तर तिथल्या गुन्हेगारांनी सामूहिक राजीनामा दिला असता. पण ते जन्मले नाशकात आणि नोकरीला लागले ओझरच्या विमान कारखान्यात, सुटे भाग तपासायला. त्यामुळे त्यांचा संशय उभी हयात पगारी पोसला गेला आणि निवृत्तीनंतर मोकाट सुटला. निफाडच्या द्राक्षांचा देठ बघून ते हातगाडीवाल्याला सांगत, "घड रागात तोडलाय. मळेवाल्याचं घरात वाजलंय." गाडीवाला गार पडे आणि एक घड वर टाकून मोकळा होई. दूधवाला तर त्यांना बघितलं की न विचारताच पाण्याची कबुली देई. स्वतःच्या कपाटातला बनियन मात्र आत्यालाच शोधून द्यावा लागे.

घरात कॉम्प्युटर आला त्या साली त्यांनी मेनरोडवरून एका गुप्तहेरी खेळाची सीडी आणली. विलायती उमरावाचा बंगला, त्यात एक खून, आणि खोल्याखोल्यांत लपवलेल्या वस्तू माउसनं टिपत खुनी गाठायचा. आतोबांचा त्यात एक डाव होता. संध्याकाळी मुलगा पेपरात, सून खोलीत, नात टीव्हीपुढे आणि आत्या देवापुढे. सगळी एका जागी असायची ती फक्त रेशनकार्डावर. आतोबांना ती रोज तासभर आपल्याभोवती हवी होती. पण खेळ चारचौघांत चालण्यासारखा आहे का? त्यांनी दार लावून एकट्यानं तपासणी केली आणि माझ्यापाशी निकाल दिला, "मारामारी नाही, रक्त नाही, बायकांचे कपडे अंगभर. एक प्रेत आहे, पण बिचारं पडून असतं. कुणाला त्रास नाही."

अडचण आत्याची होती. दिवेलागणीला घरात प्रेत दिसलं असतं, तर तिनं सीडी आणि आतोबा दोघांनाही गोदावरी दाखवली असती आणि तो तासही बुडाला असता. म्हणून पहिल्या दिवशी पडद्यावर गालिच्यावर आडवे झालेले साहेब दिसताच आतोबा घाईनं म्हणाले, "चक्कर आलीय त्यांना. कुणामुळे आली, ते शोधायचंय."

आत्या खुर्ची ओढून बसली. "ह्या पसाऱ्यात कुणालाही चक्कर येईल," ती म्हणाली. "फुलदाणीत कात्री, पियानोवर मासा, झुंबराला चप्पल. बाई नाही का हो ह्या घरात?"

"आहे ना. तिच्यावरच संशय आहे."

"असणारच."

झालं, घर वेडं झालं. सून हातात लाटणं घेऊन बाहेर येई, "पडद्यामागे बघा, छत्री" असं ओरडे आणि आत पोळी करपे. शोधायच्या वस्तूंच्या इंग्रजी यादीत 'बॅट' आली, तेव्हा आतोबा आणि मुलगा क्रिकेटची बॅट शोधून शोधून पार थकले. शेवटी नातीनं छताला लटकलेलं वटवाघूळ दाखवलं. "ही भाषाच संशयास्पद आहे," आतोबा म्हणाले. आत्याचा जीव मात्र साहेबांत अडकलेला. यादीत नसलेलं लिंबू ती दरवेळी टिपायची आणि कॉम्प्युटर दरवेळी गुण कापायचा.

"अहो, सरबत द्यायला नको का त्यांना? आले का शुद्धीवर?"

"येतायत, येतायत," आतोबा घाम पुसत म्हणायचे.

एका संध्याकाळी शेवटचा टप्पा उघडला आणि पडद्यावर आली दफनभूमी. मधोमध दगड, दगडावर साहेबांचं नाव. आतोबा उठून मॉनिटरपुढे आडवे उभे राहिले; पण त्यांची अंगकाठी अशी, की दगड दोन्ही बाजूंनी दिसत राहिला.

"बंगल्याची पाटी आहे ती," ते म्हणाले.

आत्यानं चष्मा पदरानं पुसला. दगडाकडे पाहिलं, मग खुर्चीला खुर्ची लावून बसलेल्या मुलाकडे, सुनेकडे, मांडीवरच्या नातीकडे पाहिलं.

"उद्या पहिल्यापासून लावा," ती म्हणाली. "ह्या खेपेला आपली घाई झाली. पुढच्या वेळी वाचतील."

साहेब कितीदा तरी वाचता वाचता राहिले. पुढे मुलाची पुण्याला बदली झाली आणि कॉम्प्युटरपुढे दोनच खुर्च्या उरल्या. एकदा संध्याकाळी मी गेलो, तर दोघं खेळतच होती. कुठली वस्तू कुठे आहे, हे दोघांनाही झोपेत सांगता आलं असतं. तरी आत्या समोर ढळढळीत दिसणारी किल्ली सोडून भलतीकडेच माउस फिरवत होती. विमानाच्या खिळ्यावरचा चरा लांबून ओळखणारे आतोबा पडद्याशी डोळे नेऊन म्हणाले, "सावकाश बघ. मलाही दिसत नाहीये."