नत्थूजी तेलवाले

नत्थूजी डब्यावरचं नाव कधी वाचत नसत. आमच्या मोटार सर्व्हिसच्या, म्हणजे प्रवासी गाड्यांच्या कंपनीच्या, कारखान्यात इंजिनतेलाचा नवा डबा आला की ते झाकण उघडत, दोन थेंब अंगठ्यावर घेत, बोटाने हळूहळू चोळत आणि डोळे मिटून उभे राहत. मग म्हणत, "हे उन्हाळ्यात टिकते, ठेवा." नाहीतर, "हे दोन फेऱ्यांत पाणी होते, वापस करा." आणि मालक खरोखरच डबा परत करत. जबलपूरला दोन वर्षं राहून प्रमाणपत्र घेऊन आलेला हेड मिस्त्री मी होतो. ते प्रमाणपत्र चौकटीत घालून मी भिंतीवर लावलं होतं. पण तेलाच्या बाबतीत मला कुणी विचारत नसे.

नत्थूजी उमरेडच्या विणकर घरातले. माग बंद पडला म्हणून नागपूरला आले आणि आमच्याकडे गाड्यांत तेल भरायला लागले. अक्षरओळख जेमतेम. कामठीची गाडी येवो की सावनेरची, ड्रायव्हर उतरल्या उतरल्या विचारी, "नत्थूजी कुठं हायेत?" मी समोर पाना घेऊन उभा असे.

एकदा न राहवून मी त्यांना विचारलं, "तुम्हाला बोटांनी नेमकं कळतं तरी काय?"

"घरी माय सुताले खळ लावे, मिस्त्रीजी," ते म्हणाले. "पातळ झाली तर सूत तुटे, घट्ट झाली तर चिकटे. माय चिमटीत धरून पाहे. मीबी तेच करून राहिलो. नागपूरच्या उन्हात पातळ तेल बेअरिंगवर थांबत नाही, अन् थंडीत घट्ट तेल वर चढत नाही. या, तुमाले शिकवतो."

त्यांनी ही विद्या लपवून ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं. निदान रागवायला कारण मिळालं असतं. ते तर बोलावून शिकवायला तयार! मी कामाचं निमित्त सांगून टाळलं. नंतर कुणी नसताना तेल चोळून पाहिलं. बोटं तेलकट झाली, एवढंच कळलं.

पुढे बाजारात नव्या तऱ्हेचं तेल आलं. इंजिनातली काजळी धुऊन काढणारं. मी त्याचं माहितीपत्रक पाठ केलं आणि मालकांपुढे घडाघडा म्हणून दाखवलं. मालक खूश झाले. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो असेन.

नत्थूजींनी तेल चोळलं, हुंगलं. "तेल नंबर एक हाय," ते म्हणाले. "नव्या गाडीले द्या. पण सावनेरच्या जुन्या गाडीले नोका देऊ. तिच्या पोटात इतक्या वर्षांचा गाळ बसला हाय. एकदम सुटला तर पंपाच्या जाळीत अडकते, अन् वर तेल चढणारच नाही. डब्याचं काय आयकता? इंजिनाले विचारा."

ते खरं होतं. माझ्या पुस्तकातही जुनं इंजिन आधी उघडून साफ करा, असं लिहिलं होतं. पण ते नत्थूजींच्या तोंडून आलं होतं. ते जेवायला गेले तेव्हा मी माझ्या हाताने सावनेरच्या गाडीतलं जुनं तेल काढलं आणि नवं भरलं.

तिसऱ्या दिवशी ती गाडी भर दुपारी रस्त्यात बंद पडली. इंजिन जाम. बैलजोडीने ओढत आणावी लागली. मालक ड्रायव्हरवर तुटून पडले. रामाजी त्याचं नाव. "बिनतेलाची गाडी पळवली! उद्यापासून येऊ नको!" रामाजी टोपी हातात घेऊन उभा होता.

नत्थूजींनी इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढली. तेल पूर्ण होतं. त्यांनी दोन थेंब बोटावर घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. मग अगदी जवळ येऊन हळूच म्हणाले, "मिस्त्रीजी, तुमी सांगता का मी सांगू?"

मी हातातला पाना पुसू लागलो. त्यांना घाई नाही, राग नाही. नुसते थांबले.

"मी भरलं ते तेल," शेवटी मी म्हणालो. "नत्थूजी नको म्हणाले होते."

लोकांना वाटलं, मला रामाजीची दया आली. तसं नव्हतं. खरं बोलण्याचा मानही आता नत्थूजींनाच मिळणार, हे मला सोसवलं नाही.

मालक काही बोलणार, तोच नत्थूजी म्हणाले, "मालक, आता इंजिन खोलू द्या. यांच्यासारखं बेअरिंग बसवणारा अख्ख्या नागपुरात दुसरा नाही." चार दिवस आम्ही दोघं त्या इंजिनाशी भिडलो. जाळीतला काळा गाळ त्यांनी स्वतः खरवडला. त्या तेलाचा विषय पुन्हा एकदाही काढला नाही. त्यांनी मला चारचौघांत टोमणा मारावा, अशी मी वाट पाहत होतो. तेवढीही फिट्टंफाट त्यांनी होऊ दिली नाही.

दोन वर्षांनी काविळीने नत्थूजी गेले. आठ दिवसांचं दुखणं. मी पोचलो तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. कामठी, कन्हान, सावनेर, सगळ्या रस्त्यांवरचे ड्रायव्हर, क्लीनर, दुसऱ्या कंपन्यांचे मिस्त्रीसुद्धा आले होते. रामाजी लहान पोरासारखा रडत होता. मला पाहून त्याने वाट करून दिली.

"या जी, खांदा द्या. तुमाले लई मानत होते ते. म्हणत, मिस्त्रीजींच्या हातात कला हाय, मले ते जमत नाही."

मी खांदा दिला. नत्थूजींचं ओझं ते कितीसं! वाटेत रामाजी दोनदा म्हणाला, "सोडा आता, मी घेतो." मी घाटापर्यंत खांदा सोडला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते खोटं नव्हतं. पण चालताना मी दोनदा मागे वळून ती गर्दी पाहिली, आणि दोन्ही वेळा मनात एकच आलं: माझ्यामागे एवढे लोक येणार नाहीत.