हळू बोललेले शब्द

थकवा जात नाही म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो होतो. आमचे हे डॉक्टर वैमानिकांचीही तपासणी करतात. दार अर्धं उघडं होतं. आत एक साठीतले गृहस्थ पाठमोरे उभे होते. डॉक्टर मागून अगदी हळू एकेक शब्द बोलत आणि ते लगेच म्हणून दाखवत. "हळद." "कपाट." "नारळ." एकही चुकला नाही.

"घरी दहा हाका मारा, ओ देत नाहीत," बाहेर माझ्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "इथे बघा, कसं सगळं ऐकू येतंय!" ते हौसेने छोटं विमान चालवायचे. हृदयविकारानंतर ते बंद झालं. आता पुन्हा उडायची परवानगी हवी होती.

मला शाळा आठवली. घरात पुस्तक नव्हतं, म्हणून शेवटच्या रांगेतूनही मी गुरुजींचा शब्द न शब्द टिपायचो. त्यावरच पदवीपर्यंत पोचलो. आता दिवसभर शिकवून घरी येतो, तेव्हा शेजारी बसलेल्या मुलीचं बोलणंही कानात शिरत नाही. आस संपली की कानही थकत असतील.

"कान उत्तम आहेत, काका," डॉक्टर मोठ्याने म्हणाले. "पण हृदयाचे रिपोर्ट पाहता मी तुम्हाला विमान चालवू देऊ शकत नाही."

"काय म्हणालात?" त्यांनी वळून विचारलं.

डॉक्टरांनी फाईल मिटून त्यांच्या हातात दिली.

"चला हो घरी," बाहेर बाई पुटपुटल्या. मला जेमतेम ऐकू आलं. ते मात्र लगेच बाहेर आले.