दांडीवरचा नारळ

रंग हा माझा धंदा आहे आणि मला रंगाचाच वीट आलाय. माझं नाव झुंबर. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या गाळ्यात मी पावडर कोटिंग करतो. लोखंडाच्या वस्तूवर रंगाची पूड मारायची, भट्टीत भाजायची, झालं. दिवसभरात भट्टीतून जे बाहेर पडतं त्यातलं निम्म्याहून जास्त काळं असतं. तेही बिनचमकीचं काळं, मॅट ब्लॅक. माणूस येतो, रंगांचं कार्ड अर्धा तास उलटंपालटं करतो, बायकोला फोटो पाठवतो, दोनदा फोन करतो आणि शेवटी म्हणतो, "मॅट ब्लॅकच करा." अरे बाबा, मग घरी तव्याचं बूड बघत बस ना!

तर अशा माझ्या शेजारच्या गाळ्यात वाल्मीकभाऊ आहे. मूळचा चांदवडचा. आयटीआय करून एका कारखान्यात चौदा वर्षं वेल्डिंग केलं, मग कंत्राट संपलं म्हणून त्यांनी घरी बसवलं. तेव्हापासून गेट आणि खिडक्यांची ग्रिलं. त्याला ग्रिलांचा मनापासून कंटाळा. म्हणायचा, "चौकोनात चौकोन, झुंबर. माणसाला अक्कल लागतच नाय." उंचीने ताडमाड, सव्वासहा फूट. बाजारातली कुठलीही सायकल घेतली की गुडघे हनुवटीला लागायचे. म्हणून त्याने स्वतःसाठी स्टीलची फ्रेम बनवली. ती बघून एकाने मागितली, मग दुसऱ्याने. चार वर्षांत एकतीस फ्रेमी झाल्या. पण पोट भरायला आठवड्यातले चार दिवस ग्रिलं होतीच.

त्याचं काम बघायचं म्हणजे माझ्यासारख्याला संयम पाहिजे. गिऱ्हाइकाला अनवाणी भिंतीला उभं करणार, मांड्यांच्या मधे जाड वही धरायला लावणार आणि टेप लावणार. लोक त्यातही खोटेपणा करतात, टाचा उचलतात! चाळिशी उलटलेली माणसं, बरं का. हा बिचारा खाली वाकून टाचा दाबून धरतो. मग प्लायवूडवर पेन्सिलीने अख्खी फ्रेम खऱ्या मापात काढायची. पाइपांची तोंडं कानशीने घासून एकमेकांत बसवायची, पितळ वितळवून जोड भरायचा आणि वर दोन दिवस तो जोड घासत बसायचा. घासून झालं की मला बोलावणार. "नख फिरव. कुठं अडकतं का बघ." कधी अडकलं नाही. आणि एवढ्या लोण्यासारख्या जोडावर मी काय चढवायचं? मॅट ब्लॅक. माझी मलाच शिसारी यायची.

गेल्या पावसाळ्यात महेश सर आले. कॉलेज रोडला त्यांचे क्लासेस आहेत. सकाळी दहा जणांचा ग्रुप घेऊन त्र्यंबक रोडला जातात. सायकल तासभर आणि मिसळीचे फोटो तासभर. सर म्हणाले, "माझी फ्रेम चांगली निघाली तर आमचे दहाही जण तुमच्याकडूनच घेतील." दहा फ्रेमी म्हणजे वाल्मीकभाऊला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काम. त्या दिवशी जेवताना बायकोला, साधनावहिनींना म्हणला, "दसऱ्यानंतर ग्रिलांचा बोर्ड उतरवतो." वहिनींनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

सरांचं एकच तुणतुणं, हलकी पाहिजे. सगळ्यात हलकी. स्वतःचं पोट मापात नाही आणि फ्रेमीतले पन्नास ग्रॅम यांना खुपतात! वाल्मीकभाऊने तशी पाइप मागवली आणि त्यांना बजावून सांगितलं. "सर, ही वरची दांडी दोन्ही टोकांना जाड आणि मधे पोस्टकार्डाएवढी पातळ. तुमचं वजन घेईल, खड्डे घेईल, तीस वर्षं काय होत नाय. फक्त मधोमध आडवा मार लागू देऊ नका." हे त्याने सरांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी तिथंच उभा होतो. हे लक्षात ठेवा.

दसऱ्याला सायकल द्यायची ठरलं. वाल्मीकभाऊ आईला घेऊन चांदवडला रेणुकामातेला जाणार होता. एरवी फ्रेम पोचवायला तो स्वतः जायचा, कुणाच्या हाती द्यायचा नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला म्हणला, "झुंबर, जरा सोडून ये." मी टेम्पोत गादी अंथरून नेली, एवढी काळजी घेतली.

सरांचा बंगला नवा. दारात त्यांच्या आई साळूबाई पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या, खास नांदगावहून आलेल्या. चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला हळदकुंकू लावलं, दांडीला झेंडूची माळ घातली. मग सरांच्या हातात नारळ दिला. सर पायरीकडे वळले तर आजी ओरडल्या, "अरे, पायरीवं नको! नवा ग्रॅनाइट हाय, टवका उडंल. गाडीवंच वाढव."

फरशीची काळजी बघा! सर माझ्याकडे वळले. "चालेल ना हो?"

माझ्या तोंडात पेढा होता. दुसरा हातात होता. सगळं घर माझ्याकडे बघत होतं, आणि आपण कोणीतरी मोठे इंजिनिअर असल्यासारखा मी म्हणालो, "बिनधास्त हाणा सर. स्टील आहे!" वर हँडल आणि सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिलो.

पहिला घाव उसळला. दुसराही. तिसऱ्याला नारळ फुटला, पाणी दांडीवरून माझ्या चपलेवर आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फडक्याने पाणी पुसायला लागलो आणि बोट खाली गेलं. मधोमध अंगठा बसेल एवढा पोचा. मी वर बघितलं, कुणाचं लक्ष नव्हतं. मी झेंडूची माळ त्याच्यावर सरकवली, आपट्याची पानं घेतली आणि निघून आलो. असा मी माणूस आहे.

तिसऱ्या दिवशी सरांचा व्हिडिओ आला. गॉगल घालून, सायकलशेजारी उभे राहून सांगतायत, "मित्रांनो, पहिल्याच राइडला दांडीला पोचा. कशाचा धक्का नाही, पडली नाही. लोकल माल घेताना विचार करा." संध्याकाळपर्यंत दहाच्या दहा जणांनी नको म्हणून कळवलं. फ्रेम रिक्षातून परत आली, वर धन्यवादाची चिठ्ठी.

मला वाटलं वाल्मीकभाऊ भांडायला जाईल. तर तो फ्रेम हातात घेऊन नुसता बसून राहिला. पोच्यावरून नख फिरवत म्हणला, "मार नाय म्हणतात. मग पाइप वाईट असंल, नायतर मी आच जास्त दिली असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर त्याने स्वतःची सायकल उलटी टाकलेली. त्याच पाइपांची, सरांची करायच्या आधी स्वतःसाठी करून बघितलेली, दोन महिने वापरलेली. चाकं काढली, हँडल काढलं आणि दांडी व्हाइसच्या जबड्यात आवळून करवत चालवायला लागला. मी म्हणालो, "अहो, हे काय करताय?" म्हणला, "आत कुठं खोट हाय ते बघतो." दांडी उभी चिरली. जागोजागी जाडी मोजली. सगळीकडे बरोबर. मग खालची पाइप चिरली. मग जोड कापले. कानशीने दोन दोन दिवस घासलेले जोड! पितळ पार आतपर्यंत भरलेलं, एक टाचणी जाईल एवढी फट नाही. जेवढं बरोबर निघत होतं तेवढा तो जास्त घाबरत होता. मी शेजारी चहाचा कप धरून उभा आणि विचारत होतो, "अजून चहा आणू का?" लाज वगैरे मोठे शब्द नकोत. मी भ्यालो होतो, एवढंच.

गाळ्यामागे जाऊन सरांना फोन मात्र केला. म्हणालो, "सर, तो नारळ तुम्ही..." सर म्हणाले, "कोणता नारळ? आणि समजा असेलच, तर सायकल धरून कोण उभं होतं हो?" पुढे गोड आवाजात म्हणाले, "जाऊ द्या, तुम्हाला कशाला गोवायचं." त्या माणसाची एवढी किळस आली मला! आणि फोन ठेवला तर माझीच त्याहून जास्त आली, कारण त्यांचं "जाऊ द्या" ऐकून मला बरं वाटलं होतं.

करवत चालवायला घेतल्यापासून चौथ्या दिवशी साधनावहिनी डबा घेऊन आल्या त्या थेट माझ्या गाळ्यात. "भाऊजी, हे म्हणतात माझा हात गेला. आता फ्रेम करणार नाहीत. म्हणतात, माझ्या हातच्या एकतीस फ्रेमी लोक घेऊन फिरतायत, उद्या कोणी पडलं तर? त्या सगळ्या परत मागवायच्या म्हणून यादी करत बसलेत. तुम्ही तरी समजवा ना."

मी गेलो. प्लायवूडचा तो चित्रांचा फळा त्याने बाहेर गटारीवर टाकला होता, लोक त्याच्यावर पाय देऊन आत येत होते. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मी सगळं ओकलो. नारळ, ग्रॅनाइटची पायरी, पेढा, "हाणा सर", झेंडूची माळ, फोन. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांच्यासमोर. म्हणालो, "मारा मला. चार दिवस तुम्हाला सायकल कापताना बघत बसलोय मी."

त्याने मारलं नाही. शिवीही दिली नाही. विचारलं, "कितव्या घावाला फुटला?"

"तिसऱ्या."

"आणि लागला कुठं?"

मी बोट ठेवलं. त्याने मोठा श्वास सोडला. "म्हणजे हात गेलेला नाय," असं वहिनींकडे बघून म्हणला. वहिनींनी पदराने डोळे पुसले, पण माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही.

मी म्हणालो, "चला, त्या हरामखोराला ग्रुपसमोर उघडा पाडू. मी साक्ष देतो." पण वाल्मीकभाऊचं लक्ष व्हाइसकडे होतं. खंडेनवमीला त्याने स्वतः त्या व्हाइसवर नारळ फोडला होता, वाळलेला डाग अजून होता. म्हणला, "मी इथं फोडला. गावाकडं ट्रॅक्टरवर फोडतात. नवी सायकल दारात आली की नारळ फुटणारच की. मला कसं सुचलं नाय? ही चूक माझी हाय."

"तुमची कसली चूक!" मी ओरडलोच.

"वापरणाऱ्याचा हात जिथं जाईल तिथं लोखंड जाड पाहिजे. डिझाइन म्हणजे दुसरं काय असतं?" एवढं बोलून तो बाहेर गेला आणि गटारीवरचा फळा उचलून धुवायला लागला.

आठ दिवसांत नवी फ्रेम तयार. तेवढीच हलकी, तशीच पातळ. फक्त पुढे हँडलजवळच्या जोडावर बत्ताशाएवढा स्टीलचा जाड तुकडा पितळेने बसवलेला. नारळाची जागा. त्याने दहाही जणांना गाळ्यात बोलावलं. महेश सरही आले, काय निर्लज्ज माणूस! वाल्मीकभाऊने व्हिडिओचं नाव काढलं नाही. सगळ्यांसमोर नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणला, "झुंबर, हाण."

मी त्या तुकड्यावर नेम धरला. दुसऱ्या घावाला नारळ फुटला. त्याने पाणी पुसलं आणि माझं बोट धरून दांडीवरून फिरवलं. कुठे काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, खोबरं खाल्लं आणि दहाच्या दहा ऑर्डरी तिथंच दिल्या. जोडावरून नख एकानेही फिरवलं नाही. एक जण म्हणाला, "ही मॅट ब्लॅकमधे मिळेल ना?" आणि सर खोबरं चघळत सगळ्यांना सांगत होते, "अहो, ही आयडिया माझ्यामुळेच सुचली त्यांना." मी बाहेर जाऊन थुंकून आलो.

ग्रिलांचा बोर्ड उतरला. दहाही फ्रेमी उन्हाळ्याच्या आत झाल्या, दहाही मीच रंगवल्या. वाल्मीकभाऊ आजही जोड झाला की मला हाक मारतो, नख फिरवायला लावतो. चहा एकत्र होतो, हसणं-बोलणं होतं. त्या दिवसाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

फक्त पोचवायला तो स्वतः जातो. एकेक फ्रेम खांद्याला अडकवून, बस धरून, दहा खेपा केल्या त्याने. माझा टेम्पो दारातच उभा होता, गादी अजून आत अंथरलेली. "झुंबर, जरा सोडून ये," असं काही तो म्हणला नाही.