वस्तादांची चाल

निजामाच्या अमलात भूम गावात आमच्या शेजारी तालमीचे वस्ताद राहत. तापानं माझं काळीज अशक्त झालं होतं. हकीमांनी रोज थोडं चालवायला सांगितलं होतं, पण आई भीतीनं मला उंबऱ्याबाहेर सोडत नव्हती.

एका सकाळी वस्ताद दारात आले. "वहिनी, बसून पोर आणखी वाळंल. म्या संगं चालतो. जिम्मा माझा."

एरवी ते झपाझप चालत. माझ्यासोबत मात्र मुंगीच्या पावलांनी. लोक हसले तर मिशीवरून हात फिरवत म्हणत, "आज घाई न्हाय." दम लागून मी थांबले, की मला लाज वाटू नये म्हणून तेही थांबत आणि तळपायातला नसलेला काटा शोधत.

हिवाळा सरताना हकीमांनी जरासं पळायला परवानगी दिली. बाजारतळावर मी चिंचेपर्यंत पळाले आणि परत आले. वस्ताद जागचे हलले नव्हते, तरी त्यांचा श्वास माझ्याहून जोरात चालला होता.

"वस्ताद, तुम्हाला काय झालं?"

"काय न्हाय गं. तू परत येस्तोवर जीव मुठीत व्हता." त्यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं, तिथंच मातीत बसले. "तू हो म्होरं, आईला सांग पळालीस म्हून. म्या येतो मागनं."