मावशीचा कोरडा आवाज

आमची ताई स्टुडिओत गाण्यांचं मिक्सिंग करते. माणसांशी तिचं फारसं पटत नाही, आवाजांशी मात्र छान जमतं. मी तिथे फोन घेतो, वायरी गुंडाळतो आणि तिची बोलणी खातो. मशीनमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण तिचा एक हट्ट ऐकून ऐकून पाठ झालाय. गायकाचा आवाज कायम कोरडाच रेकॉर्ड करायचा. रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनात गायल्यासारखा घुमारा, वेगळ्या वाटेने पाठवायचा आणि वेगळ्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर, परत घ्यायचा. म्हणजे नको झाला तर खाली ओढता येतो. "भाजीत पडलेलं मीठ काढता येतं का?" असं ती प्रत्येकाला ऐकवते.

घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मावशी गायला आली. जन्मभर तिने शाळेत गाणं शिकवलं, पण स्वतःचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. नंतर गाता येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हेडफोनमध्ये स्वतःचा उघडा आवाज ऐकून तिने तोंड वाकडं केलं. "बाई गं, याला जरा बरे कपडे तरी घाल." ताईने घाईघाईत हेडफोनपुरता रिव्हर्ब जोडून दिला. मग मावशी मनसोक्त गायली.

ऑपरेशन नीट झालं. आता मावशी फक्त कुजबुजते. परवा दुपारी ती स्टुडिओत आली, तयार झालेलं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "तो घुमारा काढ. मला नुसता माझा आवाज ऐकायचाय."

"एवढंच ना," म्हणत ताईने रिव्हर्बचा फेडर खाली ओढला. घुमारा कमी झाला, पण गेला नाही. ताईचा चेहरा उतरला. त्या दिवशीच्या घाईत घुमारा आवाजातच रेकॉर्ड झाला असेल तर तो आता निघणार नव्हता. मावशीला पुन्हा गायला सांगण्याची सोयही उरली नव्हती.

"काय झालं?" मावशीने विचारलं.

"काही नाही, मशीन नखरे करतंय," मी थाप मारली.

ताईने इकडची तिकडची बटणं दाबून पाहिली. शेवटी तिने मावशीच्या आवाजाचाच फेडर पार तळाला नेला. आता सगळं शांत व्हायला हवं होतं. पण आवाज गेला आणि घुमारा एकटाच गात राहिला. माझ्या अंगावर काटा आला. ताई मात्र खुर्चीत रेलून हसायला लागली.

"हसतेस काय?"

"अरे ठोंब्या, आवाजात मिसळला असता तर आवाजाबरोबर तोही गेला असता. हेडफोनची वाट आवाजाच्या फेडरच्या आधीच फुटते, तो खाली ओढला तरी तिकडे आवाज जातच राहतो. त्या दिवशीचा घुमारा तिकडून येतोय. बंद करायचा राहिला माझ्याकडून."

तिने एक बटण दाबलं आणि आवाज वर आणला.

मावशी गात होती. नुसती मावशी. ओळीआधीचा श्वास, मध्येच गिळलेला आवंढा, सगळं शेजारी बसून ऐकावं तसं. माझा जीव भांड्यात पडला. ताईने डोळे पुसले, तेही न लपवता.

गाणं संपलं तरी मावशी डोळे मिटून बसली होती. मग कुजबुजली, "दुसऱ्या ओळीत घसरलेय मी."

"सरळ करून देऊ? होतं ते."

"खबरदार हात लावशील तर," मावशी म्हणाली. "मीच आहे ती."

ताईने मुकाट्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.