रंग जुळवणारी

माझी आत्या फर्निचरच्या कारखान्यात कामाला लागली तेव्हा तिचा हिशोब सरळ होता. थोडे दिवस घासकाम करायचं, मग पॉलिशला हात घालायचा. घासकाम म्हणजे सुतारांकडून आलेल्या टेबल-कपाटांवर काचपेपर फिरवायचा. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, लाकूड तळहाताला गुळगुळीत लागेपर्यंत. हे काम बायकांकडे होतं आणि पॉलिश पुरुषांकडे. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडावा असंही कुणाला वाटत नव्हतं. थोडे दिवस म्हणता म्हणता माझी शाळा सुरू झाली आणि संपलीही, तरी आत्या घासतच होती. कारखान्यात तिला पाठीमागे 'काचपेपर' म्हणायचे. कामामुळे की जिभेमुळे, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पॉलिशमिस्त्री रंग कालवायला बसला की पत्र्याचा आडोसा ओढून घ्यायचा. एकदा आत्याने त्याला सरळच विचारलं, "मिस्त्री, मला शिकवाल?"

"तुला शिकवलं तर घासणार कोण?" मिस्त्री म्हणाला. त्यात कुचकेपणा नव्हता. त्याला खरंच तो प्रश्न पडला होता.

मग आत्या आपली आपण शिकायला लागली. डब्यांच्या तळाशी उरलेला रंग आणि सुतारांनी फेकलेले लाकडाचे तुकडे ती पिशवीत घालून घरी आणायची. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असे तुकडे ओळीने वाळत असायचे आणि घरभर स्पिरिटचा वास भरलेला असायचा. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, घड्याळं दुरुस्त करायचे. ते डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणायचे, "अगं, आपण राहतोय कुठे, घरात की बाटलीत?" भांड्यांच्या कपाटाची दोन दारं आत्याने इतक्या वेळा रंगवून खरवडली की ती इतरांपेक्षा पातळ झाली. एकाचा रंग दुसऱ्याशी काही केल्या जुळेना. शेवटी एका सकाळी तो जुळला. तेव्हा आत्याने आम्हा सगळ्यांना बोलावून ती दारं दाखवली होती. आम्हाला दिसली ती दोन दारं. आमचे चेहरे बघून ती इतकी चिडली की चहासुद्धा दिला नाही.

पुढे मिस्त्रीची नजर अधू व्हायला लागली. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, पण एक दिवस आडोशामागून हलकेच हाक आली, "जरा इकडे ये. हे दोन तुकडे बघ. जुळतात का?"

"डावा जास्त लाल आहे," आत्या म्हणाली.

त्या दिवसापासून कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक रंग आत्याच्या डोळ्याखालून जायला लागला. शाबासकी मिस्त्रीला आणि काचपेपर आत्याला. तिने ते सहन केलं, कारण मिस्त्रीने शब्द दिला होता की जाताना तुझं नाव सुचवीन. त्याने तो पाळलाही. निवृत्त होताना मालकीणबाईंना तो म्हणाला, "माझ्या जागी हिला घ्या."

मालकीणबाई "बघू" म्हणाल्या. आत्याला वाटलं, बाईच आहेत, बाईचं दुखणं त्यांना कळेल. पुढच्या महिन्यात मिस्त्रीच्या जागी नवा माणूस आला.

तो एका प्रशिक्षण संस्थेतून स्प्रेगनचं काम शिकून आला होता. आत्याने पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'फवारे' ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पुढे तो स्वतःच फोनवर "फवारे बोलतोय" म्हणायला लागला. माणूस वाईट नव्हता. त्याचा हात हलका होता. रंगाचा थर असा पातळ आणि सारखा बसायचा की आत्यालाही नाव ठेवायला जागा मिळेना. पण रंग ओळखण्यात तो कच्चा होता आणि घाईचाही. आत्या सारखी मध्ये बोलायची. शेवटी एकदा सगळ्यांसमोर तो म्हणाला, "ताई, तुम्हाला विचारलं की सांगत जा."

"बरं," आत्या म्हणाली. घरी येऊन तिने हे काकांना सांगितलं, आईला सांगितलं, मला दोनदा सांगितलं. मग तिने ठरवलं, आता विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका कचेरीच्या सभागृहासाठी मोठं टेबल करायचं काम आलं. टेबल इतकं लांब होतं की ते दोन भागांत करून जागेवर जोडायचं होतं. एका भागाचं लाकूड जुन्या साठ्यातलं आणि दुसऱ्याचं नव्या. फवाऱ्याने दोन्हींचा रंग आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली जुळवला. तिथे दोन्ही भाग सारखे दिसत होते. पण गाडीत चढवताना ते क्षणभर दाराशी ठेवले, तेव्हा उन्हात एक भाग लालसर आणि दुसरा हिरवट झालेला आत्याने पाहिला. तिने मान खाली घातली आणि हातातल्या खुर्चीचा पाय घासत राहिली.

टेबल गेलं आणि परत आलं. त्या सभागृहाला एका बाजूला नुसत्या खिडक्याच होत्या. तिथल्या साहेबांनी म्हणे विचारलं होतं की हे एक टेबल आहे की दोन.

आता ते टेबल पुन्हा पहिल्यापासून करायचं, म्हणजे आधी त्याचा सगळा रंग काढायचा. आणि रंग काढायचा म्हणजे घासायचा. ते काम अर्थातच आत्याकडे आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे तिने तोंड मिटून ओढवून घेतलं होतं. खांदे भरून आले, नखांत भुकटी बसली आणि ती दिवसभर स्वतःशीच पुटपुटत राहिली. तिला राग फवाऱ्याचा होता, मालकिणीचा होता, पण सगळ्यात जास्त स्वतःचा. शेवटी तिने काचपेपर खाली ठेवला आणि सरळ मालकीणबाईंच्या खोलीत गेली. फवारे तिथेच बसला होता.

"रंग चुकलाय हे मला टेबल जायच्या आधीच दिसलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"यांनी सांगितलं होतं, विचारलं तरच बोला. मला कुणी विचारलं नाही."

मालकीणबाई म्हणाल्या, "बाई, तुम्हाला रंग कळतो हे मिस्त्रीने मला सांगितलं होतं. पण प्रमुख माणसाला रुसून चालत नाही. तेव्हा मी तुम्हाला का घेतलं नाही, ते आज तुम्हीच दाखवलंत."

आत्या नखांतली भुकटी काढायला लागली. फवारेच म्हणाला, "चूक माझीही आहे. ट्यूबखाली बघायला नको होतं. रंग ताईंनी बघावा. मी गन धरतो."

तसं ठरलं. टेबल नीट झालं. आत्या खुर्च्या-टेबलं घासायची ती रंग कालवायला बसली, पण कागदोपत्री ती मदतनीसच राहिली. त्यासाठी ती मालकिणीशी बरंच भांडली, दोनदा राजीनामा लिहिला आणि दोन्ही वेळा काकांनी तो भिंगाखाली धरून शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. दरम्यान फवाऱ्याने तिला गन धरायला शिकवली. ती शिकताना एवढी वैतागायची की तो पाण्याचा पेला जवळ ठेवायचा.

आणि मग एकदाची ती रंगविभागाची प्रमुख झाली. तिने मोठी खिडकी असलेली खोली मागून घेतली. खिडकीत नमुन्याचे तुकडे मांडले: मधाच्या रंगाचे, चहाच्या रंगाचे, भाजलेल्या शेंगेच्या सालीसारखे. त्यानंतर काही महिन्यांतच लोकांना पांढरं फर्निचर आवडायला लागलं. पांढरी कपाटं, पांढरी टेबलं, पांढरे पलंग. लाकडाची एक रेषसुद्धा दिसता कामा नये.

"वरातीमागून घोडं गं माझं," ती मला म्हणाली. "आयुष्यभर लाकूड दिसावं म्हणून शिकले आणि आता ते झाकायची प्रमुख झाले."

"पण पांढऱ्यातही छटा असतील ना?" मी म्हटलं.

"असतात. म्हणून तर डोकं दुखतं."

मागच्या वर्षी कुणीतरी लाकडाच्या रंगातलं पुस्तकांचं कपाट मागितलं. आत्याची तब्येतच सुधारली. तिने नमुन्यांमागून नमुने केले, खिडकीत धरले, उन्हात नेले, सावलीत नेले. फवारे सारखा येऊन विचारायचा, झालं का? अखेर तिच्या मनासारखा रंग आला. त्याच दुपारी मालकीणबाई खोलीत आल्या. दारात उभ्या राहून त्या हळूच म्हणाल्या, "बाई, गिऱ्हाइकाचं मन बदललं. पांढरंच करा म्हणतायत."

 आत्याने नमुना टेबलावर उलटा ठेवला.

मालकीणबाई गेल्यावर फवारे म्हणाला, "ताई, राहू दे. मी मारतो पांढरा."

"नको. तू केलंस तर मी चुका काढत बसेन."

तिने तोंडाला फडकं बांधलं, गन हातात घेतली आणि कपाटावर पांढरा रंग मारला. कोपऱ्यातसुद्धा ओघळ आला नाही. वाळल्यावर फवाऱ्याने चारी बाजूंनी बघितलं आणि फळीवरून बोट फिरवलं.

"फार चांगला झालाय, ताई."

"तेच तर दुखणं आहे," आत्या म्हणाली आणि गन धुवायला घेऊन गेली.